अनुभव धागा: अमेरिकेतल्या प्रायमरीतलं तुमचं पहिलं मत

मंजिरी_एडिसन
आज टपालात प्रायमरीची (पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) नमुना मतपत्रिका आली. आमच्या मिडलसेक्स काउंटीत स्पॅनिशबरोबर गुजरातीतही छापतात (मराठी कधी, विचारू नका). एकदम नागरिकत्वाच्या शपथविधीचा दिवस आठवला. हॉलच्या बाहेर लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या दोन आज्या टेबल टाकून नोंदणीचे फॉर्म भरून घेत होत्या. पक्षाचा रकाना मी कोरा ठेवला, उगाच कशाला कुणाचा शिक्का! न्यू जर्सीत तसं चालतं. नाव 21 दिवस आधी यादीत हवं, पक्ष प्रायमरीच्या दिवशी टेबलावर सांगायचा. फक्त सांगितला की त्या पक्षात नोंद होते. आईला म्हटलं, इथे एबी फॉर्म मतदारच वाटतात. तर म्हणते, "मग बंडखोर काय करतात?"
लिहा तुमचेही.

टेक्ससचा_बाळू
आमच्याकडे लायसन्स नूतनीकरण सोडलं तर ऑनलाइन नोंदणी नाहीच. फॉर्म छापा, सही करा, पोस्टात टाका, तेही 30 दिवस आधी. मतदान मार्चमध्ये. पक्षाची नोंद नसते, आत गेल्यावर विचारतात कुठली मतपत्रिका देऊ. वरची तीन नावं ओळखीची, खाली न्यायाधीशच न्यायाधीश! बाबा कोर्टात शिरस्तेदार होते. जज निवडून देतात म्हटल्यावर फोनच ठेवला त्यांनी.

स्वातीताई
बाळू 😂😂
लेकीला पोहायला सोडून गाडीत बसलेय, थोडक्यात लिहिते. कॅलिफोर्निया. मतपत्रिका घरी येते. राष्ट्राध्यक्षपद सोडून बहुतेक मोठ्या पदांना 2012 पासून सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत, पहिले दोन नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत, मग दोघं एकाच पक्षाचे का असेनात. शेजारच्या काकांनी अपक्ष समजून 'अमेरिकन इंडिपेंडंट'वर खूण केली. तो चक्क पक्ष आहे, तोही उजवा! अपक्षांसाठी 'नो पार्टी प्रेफरन्स'. काका जन्माचे सेवादलवाले, काकू अजून चिडवतात.

कोथरूडकर
आम्ही अजून ग्रीनकार्डवाले, मत नाही. पण सासूबाईंना लायसन्सच्या काउंटरवर विचारलं, मतदार नोंदणी करायची का? त्या सवयीनं "येस येस". मी अक्षरशः फॉर्म ओढून घेतला. नागरिक नसताना नाव लागलं तर पुढे नागरिकत्वच अडकतं, परत पाठवण्यापर्यंत जाऊ शकतं. आईवडील इकडे असतील त्यांनी सोबत जा.

मंजिरी_एडिसन
बापरे! निभावलं ना पण?

कोथरूडकर
हो, तिथेच खोडलं. "येस येस" मात्र चालूच आहे. काल दारावर आलेल्या सोलरवाल्यालाही म्हणाल्या.

क्वीन्स_कट्टा
न्यूयॉर्क शहरात 2021 पासून पसंतीक्रम, पाच नावांपर्यंत. पुण्यात पदवीधर मतदारसंघात 1, 2, 3 लिहून आलो होतो, त्यामुळे सोपं गेलं. उलट दोन गोरे शेजारी मलाच विचारत होते. पण प्रायमरी बंदिस्त, पक्षात नोंद नसेल तर घरी बसा. आधीपासून यादीत असाल तर पक्ष 14 फेब्रुवारीच्या आत बदलायचा, मतदान जूनमध्ये. हे बायकोला मे महिन्यात कळलं. त्या महिन्यातले संवाद इथे लिहिण्यासारखे नाहीत.

टेक्ससचा_बाळू
कोथरूडकर, सोलरवाल्यानं भाव काय सांगितला? आमचं बिल उन्हाळ्यात घाम फोडतं.

स्वातीताई
बाळू, धागा भरकटवू नकोस.
(मलाही सांगा हो.)