परंपरा जुनी, उत्सव नवा

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या हॉलंड गावचा ट्युलिप टाइम हा ट्युलिप फुलांचा उत्सव डच लोकांनी येतानाच सोबत आणला, असं कुणीकुणी म्हणतं. तसं नाही हो. डच मंडळी तिथे आली १८४७ मध्ये. ट्युलिपची कल्पना निघाली थेट १९२७ मध्ये, तीही लिडा रॉजर्स या जीवशास्त्राच्या शिक्षिकेच्या डोक्यातून. मग गावाने नेदरलँड्सहून १ लाख कंद मागवले आणि १९२९ मध्ये पहिला उत्सव झाला.

मला तर फुलांपेक्षा रस्ता धुण्याचा प्रकार जास्त आवडतो. मिरवणुकीआधी रस्त्याची रीतसर तपासणी होते, तो 'अस्वच्छ' ठरतो (ठरतोच!), की डच पोशाखातली माणसं बादल्या-झाडू घेऊन घासायला लागतात. आणि लाकडी बुटांत नाचणारी शाळकरी मुलं आत एकावर एक मोजे चढवतात, नाहीतर पाय सोलवटून निघतील.