जपानला जायचे आहे, पण परिचारिका म्हणून की काइगो म्हणून?

कृष्णाकाठची

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली आहे, वय २६. जीएनएम (परिचर्येची पदविका) पूर्ण करून गेली चार वर्षे मिरजेतील एका खासगी रुग्णालयात नोकरी करते आणि त्यातली शेवटची दोन वर्षे अतिदक्षता विभागात काढली आहेत.

सातवीत असताना आमच्या शाळेची सहल पुण्याला गेली होती. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान तेव्हा आम्हाला दाखवले. ही बाग जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे, असे बाईंनी सांगितले आणि पाण्यातले दगडसुद्धा विचार करून ठेवलेले असतात, हेही सांगितले. एवढ्या काळजीने दगड ठेवणारी माणसे राहतात तरी कशी, हा प्रश्न तेव्हा मनात शिरला तो आजवर गेलेला नाही. पुढे मिळेल ते वाचत गेले, रात्रपाळीच्या आधी एक तास काढून दोन वर्षे भाषा शिकले आणि गेल्या डिसेंबरच्या जेएलपीटीत, म्हणजे जपानी भाषेच्या पातळी परीक्षेत, एन-४ उत्तीर्ण झाले (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण).

आता एका एजन्सीने जपानमध्ये ‘नर्सिंगची नोकरी’ देण्याचे कबूल केले असून त्यासाठी साडेतीन लाख रुपये मागितले आहेत. कराराचा मसुदा हातात आला तेव्हा कामाच्या रकान्यात ‘काइगो’ असा शब्द दिसला. विचारले, तर ‘तिकडे नर्सिंगलाच तसे म्हणतात’ असे उत्तर मिळाले. वडिलांचे म्हणणे असे की, महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केलेला असताना जपानचा हट्ट कशाला? त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही, पण जर्मनीचे नाव घेतले की मनात काहीच हलत नाही. प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्यांनी व राहून आलेल्यांनी खरे काय ते सांगावे, ही विनंती.

सदाशिव_पेठेतला_शिक्षक

मी पुण्यात अठरा वर्षे जपानी शिकवतो आहे, म्हणून आधी त्या शब्दाबद्दल लिहितो. परिचर्येला जपानीत ‘कान्गो’ म्हणतात आणि वृद्धांच्या किंवा अपंगांच्या दैनंदिन देखभालीला ‘काइगो’. दोन्ही शब्दांतले दुसरे चित्राक्षर एकच आहे, ‘रक्षण करणे’ या अर्थाचे; फरक पहिल्या अक्षरात आहे. ‘कान्गो’तल्या पहिल्या अक्षरात डोळ्याच्या चिन्हावर हाताचे चिन्ह असते, म्हणजे कपाळावर हात धरून नीट निरखून पाहणे. उच्चारात एका ध्वनीचा फरक असला, तरी कायद्याने हे दोन पूर्णपणे वेगळे व्यवसाय आहेत. एजन्सीला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

जपानमध्ये परिचारिका म्हणून काम करायचे तर तिथली राष्ट्रीय परीक्षा जपानीतून द्यावी लागते. परदेशात शिकलेल्या उमेदवाराला त्या परीक्षेला बसण्यापूर्वी आपल्या शिक्षणाची छाननी करून घ्यावी लागते व त्यासाठी जेएलपीटीची सर्वांत वरची पातळी, म्हणजे एन-१, असावी लागते. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम येथील परिचारिकांसाठी त्या-त्या देशांशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारांमुळे वेगळी वाट आहे. आपल्याकडच्या परिचारिकांसाठी ती नाही. एन-४ ते एन-१ हे अंतर नोकरी सांभाळून कापायला माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही चार-पाच वर्षे लागतात. नित्य वापराची म्हणून जपान सरकारने ठरवलेली चित्राक्षरेच २१३६ आहेत.

तुमच्या बाजूची एक गोष्टही सांगतो. मराठी माणसाला या भाषेचे व्याकरण परके वाटत नाही. क्रियापद शेवटी येते, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात आणि समोरचा कोण आहे ते पाहून क्रियापद बदलावे लागते. ‘ये’, ‘या’ आणि ‘यावे’ यांतला फरक ज्याला घरात उमजला आहे, त्याला आदरार्थी जपानीचे मर्म लवकर कळते. इंग्रजीतून जपानीकडे जाऊ नका, मराठीतून जा. माझा आग्रह एवढाच की, कोणत्याही कामासाठी जात असलात तरी एन-३ झाल्याशिवाय निघू नये.

ओकायामाची_पाहुणी

ताई, तुम्ही ज्या कोराकुएनचे नाव घेतले, तिथून सायकलने वीस मिनिटांवर मी राहते. मूळची नगर जिल्ह्यातली, एएनएम (सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम) झालेली. ‘तोकुतेई गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर २०२२च्या ऑक्टोबरात इथे आले व तेव्हापासून एका वृद्धाश्रमात काइगोचे काम करते. हा व्हिसा जपानने एप्रिल २०१९ पासून सुरू केला आणि भारताशी त्याबाबतचा सहकार्य करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एन-४ तुमच्याकडे आहेच. त्याखेरीज काइगोची कौशल्य परीक्षा आणि काइगोच्या जपानीची एक वेगळी परीक्षा द्यावी लागते.

आता काम काय असते ते नीट सांगते, कारण मला ते येण्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. सकाळी आजी-आजोबांना उठवणे, लंगोट बदलणे, कपडे घालणे, चाकाच्या खुर्चीत बसवणे, भरवणे, आंघोळ घालणे, आणि हे सर्व झाल्यावर प्रत्येकाची नोंद जपानीतून लिहिणे. आमच्याकडे रात्रपाळी सतरा तासांची असते. दुपारी साडेचारला जाते ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सुटते, मध्ये विश्रांती धरून. सुई टोचणे, सलाईन लावणे यांतले काहीही मला करता येत नाही, ते परिचारिकेचे काम. आमच्या एका आजोबांचा हात पाहिला की शीर कुठे मिळेल ते मला दुरूनच दिसते, पण मी बाजूला उभी राहते. तुम्ही अतिदक्षता विभागातून येणार असल्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जड जाईल, असे मला मनापासून वाटते.

तरीही मी परत गेलेले नाही, त्याचे कारणही लिहिते. ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांच्या चहात ‘तोरोमी’ नावाची पूड घालून तो घट्ट करतात, म्हणजे ठसका लागत नाही. कोणाचा चहा पातळ मधासारखा आणि कोणाचा दाट दह्यासारखा हवा, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेले असते. पहिल्या आठवड्यात मी एका आजींचा चहा घाईघाईने ढवळला, त्यात गुठळी राहिली. आमच्या प्रमुख बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तो कप ठेवून दिला, नवा चहा केला, पूड घालून ढवळला, दोन मिनिटे थांबून पुन्हा ढवळला आणि आधी स्वतः एक घोट घेऊन पाहिला. बागेतल्या दगडांबद्दल तुमच्या बाईंनी जे सांगितले, ते मला त्या कपात दिसले. त्याच आजी आता ९१ वर्षांच्या आहेत आणि मी रात्रपाळीला आले की, ‘जेवलीस का?’ असे इथल्या बोलीत विचारतात. (ही बोली पुस्तकात नाही. ‘फार’ या अर्थी इथले लोक ‘देरे’ म्हणतात. पहिले दोन महिने मला निम्मे बोलणे कळत नव्हते.)

पैशाचे म्हणाल तर माझा हाती येणारा पगार दीड लाख येनच्या थोडा वर आहे. आरोग्य विमा, निवृत्तिवेतन आणि कर आधीच कापून घेतात. शिवाय आदल्या वर्षीच्या उत्पन्नावरचा रहिवासी कर दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून सुरू होतो, तेव्हा पगार अचानक कमी दिसतो. घर संस्थेने दिले आहे, त्याचे भाडे वजा होते. मी शाकाहारी आहे आणि बाहेरच्या जवळजवळ प्रत्येक पातळ पदार्थात सुक्या माशांचा अर्क असतो, त्यामुळे स्वयंपाक घरीच करते. इथला तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट होतो, एवढे एक सुख आहे.

कायद्याची बाजू मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. या व्हिसावर एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब आणता येत नाही. लग्नाचे बोलणे सुरू असेल, तर हे घरी आधीच सांगावे लागेल. तीन वर्षे काम आणि ठरावीक प्रशिक्षण पूर्ण केले की, ‘काइगो फुकुशिशी’ (प्रमाणित काइगो कर्मचारी) या राष्ट्रीय परीक्षेला बसता येते. ती उत्तीर्ण झाल्यास ‘काइगो’चा वेगळा व्हिसा मिळतो, त्याचे नूतनीकरण करत राहता येते आणि कुटुंबही आणता येते. माझी तीन वर्षे झाली असून येत्या जानेवारीत मी परीक्षेला बसते आहे.

आणि हो, खरे कोराकुएन पुण्याच्या बागेपेक्षा पुष्कळ मोठे आहे. तिथे भाताचे लहान वाफे आणि चहाची झुडपे राखलेली आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या वाफ्यांपाशीच बराच वेळ उभी होते.

नियमावर_बोट

फक्त पैशांपुरते लिहितो. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे उत्प्रवास कायदा, १९८३ खालील नोंदणी असावी लागते आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येते. साडेतीन लाखांत भाषाशिक्षण, तिकीट, कागदपत्रे असे काही धरले असेल, तर प्रत्येक बाबीची वेगळी पावती मागावी. एजन्सीचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. शंका राहिली तर मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे. ज्यांनी कामाचे नावच चुकीचे सांगितले, त्यांना एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

निशिकासाईहून_परत

मी २०११ ते २०२२ या काळात तोक्योच्या एदोगावा प्रभागात, निशिकासाईला राहिलो. संगणक क्षेत्रात होतो, त्यामुळे माझा व्हिसा वेगळा होता आणि कुटुंब सोबत होते. आई-वडिलांसाठी परत आलो. त्या भागात भारतीय वस्ती इतकी आहे की, २०१९च्या एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ तिथल्या प्रभाग सभेवर निवडून आले. गणपतीत आरतीला उभे राहिल्यावर आपण परदेशात आहोत हे विसरायला होत असे. लहान शहरात एकट्याने जाणाऱ्या मुलीला मात्र हा आधार मिळेल, असे धरून चालू नये.

मला वडिलांची बाजू मांडायची आहे. जर्मनीत तुमच्या शिक्षणाची मान्यता आणि बहुतेक ठिकाणी बी-२ (वरच्या मध्यम) पातळीची जर्मन भाषा झाली की, तुम्ही परिचारिकाच राहता. चार वर्षांचा अनुभव वाया जात नाही. जपानला गेलात तर पाच वर्षांनी तुमच्या हातून सुईचे काम सुटलेले असेल आणि परत आल्यावर रुग्णालये तेच विचारतील. येनचाही विचार करा. २०२० मध्ये एक लाख येन घरी पाठवले, तर सत्तर हजार रुपयांच्या आसपास पडत होते. २०२४च्या जुलैत तेवढ्याच येनचे बावन्न-त्रेपन्न हजार झाले. कर्ज काढून जाणाऱ्याला हा फरक सोसत नाही.

ज्या देशावर आपले मन बसले आहे, त्या देशात पाहुणा म्हणून वर्षातून पंधरा दिवस जाऊन येण्यातही पुष्कळ समाधान असते. जर्मनीत कमवा आणि वसंतात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायला जपानला जा, असे मी माझ्या मुलीला सांगेन.

ओकायामाची_पाहुणी

दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि येनचे दुःख मी दर महिन्याला पाहते. पण पंधरा दिवसांच्या पाहुण्याला तो चहाचा कप कधीच दिसणार नाही. ताईंना तेच पाहायचे असेल, तर त्यांना इथे काम करावे लागेल. परिचारिकेचे काम सुटण्याबद्दल तुम्ही जे लिहिले, ते मात्र मलाही मान्य आहे.

कृष्णाकाठची

सर, ताई, दादा, सर्वांचे मनापासून आभार. काल सुटी होती, म्हणून हे सर्व वडिलांना वाचून दाखवले. चहाच्या कपापाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. माझी आजी शेवटचे सात महिने अंथरुणावर होती आणि तिला पाणी पाजताना प्रत्येक वेळी ठसका लागायचा. असे काही करता येते, हे तेव्हा आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते, मी परिचर्या शिकत असूनही.

एजन्सीला आज नकार कळवला. नोंदणी क्रमांक विचारल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

जुलैच्या पहिल्या रविवारी पुण्याच्या केंद्रावर एन-३ देण्याचे नक्की केले आहे आणि तोपर्यंत मिरजेची नोकरी सोडणार नाही. सुईचे काम सुटेल, हे वाचून खरोखर पोटात खड्डा पडला. अतिदक्षता विभागातल्या कामाचा मला अभिमान आहे आणि तो किती आहे, हे या निमित्ताने कळले. म्हणून आमच्या रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात सहा महिन्यांची बदली मागणार आहे. भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे रोज केल्यावरही मन तिकडेच ओढत राहिले, तर वडील परवानगी देतील, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

ताई, एक विचारायचे राहिले. तोरोमीची ती पूड भारतात मिळत नसेल, तर त्याऐवजी घरी काय वापरता येईल? आमच्या वॉर्डात दोन आजोबा आहेत.

ओकायामाची_पाहुणी

घरचे काही वापरू नका. पेज किंवा कॉर्नफ्लॉअरने आलेला दाटपणा तोंडातल्या लाळेने पुन्हा पातळ होतो आणि ठसका लागतोच. इथल्या पुडीत झँथन गम असतो, तो लाळेने सुटत नाही. गिळण्याच्या त्रासावर उपचार करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ तुमच्या रुग्णालयात असतील, तर आधी त्यांच्याकडून दोन्ही आजोबांची तपासणी करून घ्या आणि किती दाट हवे ते त्यांनाच ठरवू द्या. भरवताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली, एवढे आजपासून करा.