पन्हाळ्याच्या दगडावरून भारत दक्षिणेत होता हे कसं काढतात?

रंकाळाकाठ: मी कोल्हापुरात दहावीला भूगोल शिकवते. पन्हाळ्याच्या वाटेवरचा काळा दगड दाखवून मुलांना सांगते, हा लाव्हा निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली होता. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दगडाला कसं कळलं?" चुंबकत्वावरून काढतात, एवढं ठाऊक आहे. पण अक्षांश नेमका निघतो कसा? तिला आकड्यांनिशी उत्तर द्यायचंय.

बेसाल्टवेडा: मॅडम, त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. सगळं झुकावात आहे, म्हणजे चुंबकसूई आडव्या पातळीपासून किती अंश कलते त्यात. मोकळी टांगलेली चुंबकसूई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी. उत्तर गोलार्धात तिचं उत्तर टोक खाली जातं, दक्षिणेत वर. लाव्हा निवताना मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले की त्या घडीची दिशा धरून बसतात.

झुकावाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. दख्खनच्या लाव्ह्यात झुकाव ४५ अंशांच्या आसपास मिळतो, पन्हाळ्याला टोक वर. टॅन ४५ म्हणजे १, त्याचा निम्मा ०.५, म्हणजे अक्षांश सुमारे २६.५ दक्षिण. कोल्हापूर आज १६.७ उत्तरेला. फरक ४३ अंश, अंशाला १११ किलोमीटर धरले तर ४,८०० किलोमीटर! साडेसहा कोटी वर्षांत, वर्षाला सरासरी सात सेंटिमीटर. त्रिकोणमिती दहावीला आहेच, हिशेब मुलांनाच करू दे.

घाटवाट: पण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटतात ना? मग टोक वर आहे ते दक्षिण गोलार्धामुळे की ध्रुव उलटल्यामुळे?

बेसाल्टवेडा: झुकाव आणि दिशा जोडीनं बघायची. पन्हाळ्याच्या थरांत चुंबकत्वाचा रोख वायव्येला आणि वर. आंबेनळी घाटातल्या जुन्या थरांत ध्रुव उलटे होते, तिथं आग्नेयेला आणि खाली. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा रोख खाली आणि दक्षिणेकडचा वर असता, म्हणून दोन्हींचा अर्थ दक्षिण गोलार्धच. उत्तरेऐवजी वायव्य का? भारत सरकता सरकता डावीकडे वळलाही. रेखांश मात्र यातून निघत नाही.

नमुने घ्यायला मी बरेच हिंडलोय. ड्रिलनं अडीच सेंटिमीटर जाडीची कांडी काढायची, पण दगडापासून सुटण्याआधी तिच्यावर दिशेची रेघ ओढायची. बेसाल्ट होकायंत्राला भुलवतो, म्हणून आम्ही सूर्याच्या सावलीवरून दिशा पडताळायचो. एका थरावर भागत नाही, चुंबकीय क्षेत्र सतत थोडं हलतं, म्हणून अनेक थरांची सरासरी. माथ्यावरचा जांभा टाळायचा: बेसाल्ट कुजून त्यात लोहाची नवी खनिजं झालीत, जुनी दिशा गेली. उघड्या कड्यावर वीज पडली असेल तर तिथलंही चुंबकत्व बिघडतं.

रंकाळाकाठ: सर, मनापासून आभार. सोमवारी टॅनचं गणित फळ्यावर तिच्याकडूनच सोडवून घेते.