शापोऱ्याच्या काठावरची जुनी होडी: दुरुस्ती आणि टीव्हीसाठी चित्रीकरण, सल्ला हवा

शापोराकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं घर कोलवाळला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबांची लाकडी होडी आमच्या मांगरात कित्येक वर्षं उपडी पडून आहे. लांबी साधारण सात मीटर. तळ आंब्याच्या अख्ख्या खोडातून कोरलेला, त्यावर दोन्ही बाजूंना फळ्या चढवलेल्या. फळ्या मुळात काथ्यानं शिवलेल्या होत्या, त्याची भोकं अजून दिसतात. पुढे कधीतरी शिवण काढून लोखंडी खिळे मारले गेले. आता खिळ्यांभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालंय. उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात तो ओंडका, सुटून पडलीय, पण शाबूत आहे.

मी पणजीत एका निर्मिती संस्थेत सहायक दिग्दर्शक आहे. ही होडी पुन्हा पाण्यात घालायची आणि ते सगळं काम टीव्हीवर दाखवायचं, असा प्रस्ताव मी एका वाहिनीला दिला. सहा भाग, प्रत्येकी बावीस मिनिटं. त्यांना कल्पना आवडली, पण अटी आहेत. प्रत्येक भागात एक ‘संकट’ हवं, काम ठरल्या तारखांना व्हायला हवं आणि शेवटच्या भागात रंगवलेली होडी पाण्यात उतरायला हवी. शिवोलीचे एक वयस्क मेस्त (होडीचे सुतार) काम करायला तयार आहेत. ते म्हणतात, दिवाळी झाली की हात लावीन, संपेल तेव्हा संपेल.

गावातले काहीजण सांगतात, वरून फायबरग्लासचा थर मारा, वीस वर्षं बघायला नको. वाहिनीलाही ते सोयीचं वाटतंय. मला मात्र होडी होती तशी हवी आहे. तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय का? चित्रीकरण कसं करावं, म्हणजे त्यातून खरोखर काही टिकेल?

---

जुना_कॅमेरा:

शापोराकाठ, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर कॅमेरा धरला, त्यातली बरीच वर्षं गोव्यात आणि वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात. आमच्या घरात मचवा होता, वेंगुर्ल्याहून पणजीला माल यायचा. म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो.

सगळ्यात आधी एक ठरवा. हा कार्यक्रम बघून पन्नास वर्षांनी एखाद्या पोराला तशीच होडी बांधता आली पाहिजे. बाकीचे निर्णय त्यातून आपोआप निघतील.

असं का म्हणतो, ते सांगतो. आपल्याच दिवाडी बेटावर कौंडिण्य हे शिवलेलं जहाज बांधलं गेलं. २०२३ च्या सप्टेंबरात काम सुरू झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत ते पाण्यात उतरलं आणि मे महिन्यात कारवारला नौदलात आलं. त्याच वर्षी डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून मस्कतला निघालं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्या जहाजाचा आराखडा कुठून आला? अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून. जुनी मापं नव्हती, कागद नव्हता, बांधताना पाहिलेला माणूस नव्हता. रूप चित्रातून घ्यावं लागलं आणि ते पाण्यात कसं वागेल, हे आयआयटी मद्रासला प्रतिकृतीवर तपासावं लागलं. शिवणारे कारागीर केरळहून आले. गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या काथ्यानंच शिवायचे, तरीही. तुमच्या मेस्तांच्या हातात आज जे आहे, ते उद्या कुणाला असं चित्रावरून ताडत बसावं लागू नये.

आता काम. होडीची एकही फळी हलवण्याआधी मापं घ्या, आणि ती घेतानाच पहिला भाग चित्रित करा. होडी सरळ करून लाकडी आडांवर समतोल ठेवा. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणा. दर फुटावर ओळंबा सोडून दोन्ही बाजूंची रुंदी आणि खोली लिहून घ्या. मोबाइलनं चहूबाजूंनी फोटो घेऊन संगणकावर घनाकृती बनवता येते, तीही बनवा, पण वहीतली मापं सोडू नका. वाहिनीला हे कंटाळवाणं वाटेल. मेस्त ओळंब्याकडे एक डोळा मिटून बघतील आणि म्हणतील, ‘ही बाजू दोन बोटं जास्त फुगलीय, वलं मारणारा त्या अंगाला बसायचा.’ असलं काहीतरी ते म्हणणारच. कॅमेरा त्या क्षणी चालू हवा.

दुसरं, आवाज. यावर अजिबात काटकसर करू नका. मेस्त होडी तपासतात ती हातोडीच्या दांड्यानं ठोकून. चांगल्या लाकडाचा आवाज टणक आणि कोरडा येतो. कुजलेल्याचा बद्द येतो, हाताखाली गेल्यासारखा. दोन्हीच्या मधला एक आवाज असतो, वरून धड आणि आतून पोकळ. तिथे मेस्त थांबतात, परत ठोकतात, जरा पुढे जाऊन ठोकतात आणि खडूनं खूण करतात. हा सगळा निर्णय कानावर होतो. मी एकदा अशाच तपासणीचं सलग चित्रण केलं होतं. त्या वाहिनीनं ते तीस-चाळीस सेकंदांवर आणलं आणि वर सतार वाजवली. बघणाऱ्याला एक म्हातारा होडीला थापट्या मारतोय एवढंच दिसलं. ज्यासाठी गेलो होतो तेच गेलं. म्हणून सांगतो, ठोकण्यावर संगीत नको, निवेदन नको. छोटा माइक मेस्तांच्या मनगटाजवळ लावा.

दोन कॅमेरे ठेवा. एक फक्त हातांवर, तिकाटण्यावर, न हलवता. दुसरा तुमच्या हातात. मेस्तांना ‘परत एकदा करा’ असं कधीही म्हणू नका. दुसऱ्यांदा केलेलं काम दाखवण्यासाठी केलेलं असतं, आणि हात ते लगेच सांगतात. त्यांना त्यांच्या कोंकणीतच बोलू द्या, खाली मराठी अक्षरं द्या. होडीच्या प्रत्येक भागाचं नाव त्या भागावर बोट ठेवून वदवून घ्या. शिवोलीचं नाव वेगळं निघेल, बेतूलचं वेगळं, मालवणचं आणखी वेगळं. सगळी ठेवा.

करारात एक कलम मात्र भांडून घाला. संपूर्ण चित्रीकरण, न कापलेलं, तुमच्याकडे राहील आणि त्याची एक प्रत ग्रंथालयाला देण्याचा हक्क तुम्हाला असेल. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे जाऊन बोला. बावीस मिनिटांच्या भागासाठी तुम्ही कितीतरी तास चित्रित करणार. खरा ठेवा त्या उरलेल्या तासांत असतो, आणि कार्यक्रम संपला की तोच पहिल्यांदा पुसला जातो.

‘संकटा’ची काळजी करू नका, ते बनवावं लागत नाही. इतकी वर्षं कोरडी राहिलेली होडी पहिल्या दिवशी पाणी घेणारच. सांध्यांतून धारा लागतील, तुमचा निर्माता घाबरेल. मेस्त बिडी ओढत बसतील, कारण लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे आपणच मिटत जातात हे त्यांना ठाऊक आहे. ती वाट बघणं पूर्ण दाखवा. त्याहून चांगला प्रसंग कोणताही लेखक लिहू शकणार नाही.

---

उंडीचं_तेल:

वरचं सगळं मान्य. मी लाकडाबद्दल तेवढं लिहितो, आमची होडी अजून पाण्यात आहे.

फायबर नको. जुनं कोरीव खोड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, फायबर तसं हलत नाही. कुठेतरी बारीक भेग पडते, ओल आत जाते, पण बाहेर पडत नाही. वरून चकचकीत दिसतं आणि आत लापशी होते. नव्या होडीला लाकडाचा गाभा ठेवून बाहेरून फायबर, ही वेगळी गोष्ट. दिवाडीलाच बांधलेली नौदलाची शिडाची नौका म्हादेई तशीच आहे. ती सुरुवातीपासून तशी आखलेली होती, सुकवलेल्या लाकडात.

लोखंडी खिळे सगळे काढा. गंज लाकडाला आतून खातो, तुमचं काळं पडलेलं लाकूड तेच आहे. तेवढा भाग कापून तिरक्या सांध्यानं नवा तुकडा बसवता येतो. पुन्हा काथ्यानं शिवणार असाल तर उत्तमच, भोकं आहेतच. सांध्यावर नारळाच्या सोडणाची वळी ठेवून त्यावरून दोरी आवळतात. नाहीतर तांब्याचे खिळे. तळाला बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल द्या, आत उंडीचं. रंगाची घाई नको, रंगानं आधी फोटो छान येतात आणि मग आतली ओल कोंडते.

पाण्यातल्या किड्यावर लक्ष ठेवा. तो गांडुळासारखा दिसतो, पण जात शिंपल्याची. बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत बोटभर जाड बोगदा. खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्यात मरतो. म्हणून जुने लोक पावसाळ्यात होडी नदीत वर, गोड्या पाण्यात नेऊन ठेवायचे किंवा काठावर ओढायचे. हेही दाखवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर का काढतात, याचं लोकांना माहीत असलेलं कारण अर्धंच आहे.

आणि आत्ता लगेच करायचं काम: होडी मांगरातून उन्हात काढू नका, तडकेल. सावलीतच ठेवून ओली गोणपाटं टाका, हळूहळू पाणी पाजा. तळाला नवा आंबा लागणार असेल तर झाड तोडायची परवानगी आधी काढा, गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे.

---

सांगोड७:

मला एक शंका आहे, रागावू नका. ठोकण्याचे आवाज, ओळंबा, वाट बघणं... हे घरात बसून बघणार कोण? माझ्या मुलांना पाच मिनिटं दम धरवत नाही. लोकांनी चॅनल बदललं तर होडीही गेली आणि वारसाही गेला. थोडी गोष्ट, थोडं नाट्य असायला काय हरकत आहे?

---

जुना_कॅमेरा:

सांगोड७, रागावण्यासारखं काहीच नाही, वाहिनीवाले हेच विचारतात. पण तुमच्या नावावरूनच उत्तर देतो. कुंभारजुव्याला दोन होड्या एकत्र बांधून सांगोड करतात, ती बांधाबांध बघायला पोरं सकाळपासून काठावर उभी असतात. कुणी त्यांना गोष्ट सांगत नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर होड्यांची स्पर्धा असते, त्या छोट्या होड्यांवर घराघरांत किती रात्री जागतात ते बघा. काम नीट दिसलं, कशासाठी चाललंय ते कळलं, की माणूस थांबतो. पोळीचं पीठ तिंबण्यापासून तव्यापर्यंत सलग दाखवणारे व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतातच की. अमेरिकेत टॅली हो नावाची १९१० सालची शिडाची नौका एका तरुणानं फळी फळी बदलून उभी केली, सात वर्षं काम चाललं. लाखो लोक इंटरनेटवर ते बघत होते. त्यात अख्खे भाग एकेका लाकडी बरगडीवर आहेत. २०२४ मध्ये नौका पाण्यात उतरली.

नाट्याला माझा विरोध नाही. खोट्या घाईला आहे. मेस्तांना तारीख दिली की ते सांधा नीट बसायच्या आत पुढे जातील, आणि मग होडी बुडेल ती खरोखर बुडेल.

---

दमणवाला:

एक भर घालतो. पोर्तुगिजांची ‘दों फेर्नांदु द्वितीय ई ग्लोरिया’ ही लढाऊ नौका १८४३ साली दमणला बांधली, नगर हवेलीच्या सागाची. डोलकाठ्या-दोरखंड चढवायला ती गोव्यात आणली आणि १८४५ मध्ये पहिल्या सफरीवर लिस्बनला निघाली ती गोव्यातूनच. १९६३ मध्ये ती जळाली, सांगाडा कित्येक वर्षं तेजू नदीच्या चिखलात पडून होता. तरी त्यांनी तो काढला, नव्वदच्या दशकात पुन्हा उभी केली, १९९८ च्या लिस्बन प्रदर्शनात मांडली. आज ती तिकडे संग्रहालय म्हणून उभी आहे. आपल्या सुतारांनी बांधलेली नौका तिकडे जपली गेली आणि इकडे त्या सुतारांच्या हत्यारांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या कार्यक्रमात एक भाग हत्यारांवर करा. तासणी, सामता, रंधा, मेस्तांनी स्वतः घडवून घेतलेल्या पटाशा, सगळं जमिनीवर मांडून एकेक उचलून दाखवा. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातले वीरगळ आहेत, त्यांवर नौकायुद्ध कोरलंय. त्या होड्यांची नाळ तुमच्या होडीशेजारी ठेवून दाखवता येईल.

---

शापोराकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वाहिनीत बसून बोलले. न कापलेल्या चित्रीकरणाचं कलम त्यांनी मान्य केलं. फायबर रद्द. तारखांवर अजून ओढाताण आहे. मी सुचवलंय की भाग कामाच्या टप्प्यानुसार ठरवा आणि प्रक्षेपण काम संपल्यावर सुरू करा. निर्मात्यांना पटतंय, वरच्यांना विचारतो म्हणाले. ड्रोनचा विषयही निघाला. मोपाचा विमानतळ जवळ असल्यामुळे परवानगीचं आधी बघावं लागेल. नाही मिळाली तर पलीकडच्या पुलावरून काम भागेल.

मेस्तांना शिवणीबद्दल विचारलं. ते बराच वेळ भोकांवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, वडिलांबरोबर केलंय, हात आठवतील. पण दोरी ओढायला दुसरा माणूस समोरच्या बाजूला लागतो, आणि त्याला ओढ कळली पाहिजे. माझा चुलतभाऊ तयार आहे, नवखा आहे. तो शिकतानाच चित्रित करायचं ठरवलंय.

आता दोन गोष्टी हव्यात. जुन्या पद्धतीनं वळलेला काथ्या, यंत्रावरचा नको, मेस्त म्हणतात तो शिवणीत सुटतो. आणि शिवणीचं काम केलेलं कुणी काणकोण, बेतूल किंवा वेंगुर्ल्याकडे अजून असेल तर निरोप द्या, मेस्तांना त्यांच्याशी बोलायचंय. मी गाडी पाठवीन.

---

उंडीचं_तेल:

काथ्याचं मी बघतो. काणकोणात एका घरी अजून हातानं वळतात, शनिवारी जाऊन येतो. किती वाव लांब लागेल ते मेस्तांना विचारून सांगा, आणि जाडी करंगळीएवढी की कमी, तेही. होडी पाण्यात घालायचा दिवस ठरवाल तेव्हा अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाची भरती धरा, तुमच्याकडे काठावर चिखल फार आहे.