मदत हवी आहे : गालाच्या पेशीतील तंतुकणिका मुलांना कशा दाखवाव्यात?

नमस्कार. मी नववीला विज्ञान शिकवते. गालाच्या आतून दातकोरणी हलकेच फिरवून घेतलेला नमुना काचपट्टीवर पसरून त्यावर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की फिकट पेशीद्रव आणि त्यात गडद निळे केंद्रक स्पष्ट दिसते. ते पाहताना मुलांचे चेहरे उजळतात. परंतु ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका या रंगाने उठून दिसत नाहीत, आणि पुस्तकातील आकृतीत त्या ठळक असल्याने मुले त्याच शोधत राहतात. जेनस ग्रीन बी हे रंगद्रव्य जिवंत पेशीतील तंतुकणिका रंगवते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कोणी वापरले असल्यास द्रावण किती पातळ ठेवावे, आणि नमुना पाण्याऐवजी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात घ्यावा का, हे कृपया सांगावे.