नवस बोलताना शब्द कसे असावेत?

महालची सून:
यंदा नवरात्रात कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेला नवस बोलायचा आहे. मनात अखंड ज्योत आणि खणानारळाची ओटी आहे. शब्द नेमके कसे असावेत? ज्योत घरी लावली तर चालते का? जाणत्यांनी नीट सांगा जी.

सक्करदरा:
ताई, आधी नवस की संकल्प हे ठरवा. नवसात 'असं झालं तर' असतं. संकल्पाला अट नसते, देवीवर भार टाकून माणूस आपला शब्द देऊन मोकळा होतो. मला संकल्प मोठा वाटतो, पण अडल्या जिवाचा नवसही खोटा नाही.

दोन्हीत चार गोष्टी तोंडानं उच्चारायच्या: कोण, काय, किती, कधीपर्यंत. "आई जगदंबे, मी स्वतः येत्या चैत्र नवरात्राच्या आत तुझ्या दारी येऊन खणानारळानं ओटी भरीन." एवढं पुरे. मग एक रुपयाचं नाणं आणि सुपारी पिवळ्या कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवा, सोबत तारखेची चिठ्ठी. फेडायला जाल तेव्हा तेच नाणं दानपेटीत.

बिघडतं ते इथं: नवस बोलते सासू आणि सोळा सोमवार करते सून. दुसऱ्याच्या पोटाचा, पायांचा, पैशाचा नवस बोलूच नये. कर्ज काढून फेडावं लागेल असंही काही कबूल करू नये.

इतवारीचे काका:
ज्योत घरी चालते. नऊ दिवस म्हणजे 216 तास. मध्यम वात तासाला 8 ते 10 मिली तेल ओढते, तेव्हा अडीच लिटर आणून ठेवा. दिवा पसरट, पितळी, पाव लिटर मावणारा घ्या. वात एकच, लांब.

ज्योत वाऱ्यानं जाते त्याहून जास्त काजळीनं जाते. टोकावर काळी कडक गुठळी धरते, तेल वर चढत नाही आणि ज्योत बारीक होऊन फडफडू लागते. गुठळी चिमट्यानं काढावी, पण त्याआधी त्याच ज्योतीवर एक निरांजन लावून शेजारी ठेवावं. मोठी गेलीच तर त्यावरून परत लावता येते. तेल कडेनं ओता, वातीवर नको. दिवा रेतीच्या परातीत, पडद्यापासून लांब.

घरी राखायला माणूस नसेल तर कोराडीला नवरात्रात भाविकांच्या नावानं ज्योती लावतात. तिथं पावती करून घ्या.

महालची सून:
काका, आभार. घरात एकांना शुगर आहे, ते नऊ दिवस उपास आणि अनवाणी म्हणताहेत. आणि ओटीत काय काय?

धरमपेठ:
शुगरवाल्यानं दोन्ही बोलू नये. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोट रिकामं राहिलं की साखर एकदम उतरते. पायाची जाणीव कमी झालेली असली तर फोड आलेला कळतही नाही आणि जखम चिघळते. त्याऐवजी रोज ठराविक वेळी एक आरती किंवा एका माणसाचं जेवण कबूल करावं. आधीच बोलून झालं असेल तर देवीपुढं नारळ ठेवून बदल मोठ्यानं सांगावा आणि नवीन कबुली चिठ्ठीवर लिहावी.

ओटीला साडी किंवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हळदीकुंकू, दक्षिणा. नारळाची शेंडी देवीकडे, ओंजळ छातीपाशी. नवरात्रात रांगेत रेटारेटी असते, सुटे तांदूळ सांडतात. म्हणून ते खणातच गाठ मारून न्या आणि गाभाऱ्यापाशी पोचल्यावर सोडा.