‘महारोहिणी’ आणि ‘महाधमनी’ या एकाच वाहिनीच्या संज्ञा आहेत का?

प्रश्न:

हृदयाच्या रचनेवरील एका सचित्र लेखाचे मी मराठीत भाषांतर करीत आहे. डाव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून) निघणाऱ्या वाहिनीला, म्हणजे एऑर्टाला, जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘महारोहिणी’ म्हटलेले आढळते, तर वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक लेखांत ‘महाधमनी’ किंवा नुसतेच ‘मुख्य धमनी’ असे लिहिलेले असते. हे शब्द समानार्थी आहेत, की ‘महाधमनी’ म्हणजे कोणतीही मोठी धमनी? रोहिणी म्हणजे लाल आणि नीला म्हणजे निळी असा अर्थ घेतला, तर फुप्फुसांकडे काळपट रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी कसे म्हणायचे, हीही माझी अडचण आहे.

प्रतिसाद १:

दोन्ही शब्द एकाच वाहिनीचे आहेत आणि शरीरात ती एकच असते. त्यामुळे मांडीतील किंवा मानेतील धमनी कितीही मोठी असली, तरी तिला महाधमनी म्हणता येणार नाही. येथील ‘महा’ हा आकार सांगणारा सुटा शब्द नसून संज्ञेचाच भाग आहे. ही वाहिनी डाव्या निलयातून वर चढते, कमानीसारखी वळून पाठीच्या कण्याच्या पुढून खाली उतरते आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी दोन शाखांत विभागते. तिच्या या भागांना ‘आरोही’, ‘कमान’ आणि ‘अवरोही’ अशी विशेषणे लावली की चित्रातील बहुतेक नावे आपोआप जुळतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन हृद्‌रोहिण्या तिच्या अगदी मुळाशीच, झडपेच्या लगत फुटतात. चित्रात त्या हृदयाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या दिसत असल्याने त्या थेट हृदयातून निघतात असा वाचकाचा समज होतो, तो टाळावा.

रंगाची अडचण व्याख्येनेच सुटते. हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणते ती नीला. रक्त शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्नच त्यात येत नाही. म्हणून फुप्फुसांकडे ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेणारी वाहिनीही रोहिणीच, आणि तिकडून ऑक्सिजनयुक्त रक्त आणणाऱ्या चारही वाहिन्या नीलाच. ‘शुद्ध रक्तवाहिनी’ हा शब्दप्रयोग मात्र कृपया करू नये, कारण नेमका हाच घोटाळा त्यातून जन्म घेतो.

प्रतिसाद २:

माझे मत ‘धमनी’च्या बाजूने आहे. रोहिणी म्हटले की सामान्य वाचकाला आधी नक्षत्र आठवते, शिवाय आयुर्वेदात याच नावाचा घशाचा एक रोगही आहे. उलट धमनीचा अर्थ ठोके देणारी वाहिनी असा सहज मनात उतरतो आणि शब्द थेट सुश्रुतापासून चालत आलेला असल्याने त्याला परंपरेचाही आधार आहे.

प्रतिसाद ३:

वरील प्रतिसादातील शेवटचा मुद्दा थोडा दुरुस्त करावासा वाटतो. सुश्रुतसंहितेत धमन्या चोवीस सांगितल्या असून त्यांचा उगम नाभीपाशी मानला आहे. त्यामुळे तेथील धमनी आणि आजची धमनी यांचे नाव एक असले, तरी वस्तू एक नाही. गंमत अशी की परंपरेचाच आधार हवा असेल, तर तो रोहिणीलाही आहे. सुश्रुताने सिरांचे, म्हणजे शरीरातील वाहिन्यांचे, वर्णन करताना वात वाहणाऱ्या अरुण, पित्त वाहणाऱ्या नील, कफ वाहणाऱ्या गौर आणि रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी असे चार प्रकार केले आहेत. आपल्या रोहिणी-नीला या जोडीतील दोन्ही शब्द तेथे असे भेटतात. मात्र आजचा अर्थ त्यांना नंतर देण्यात आला आहे.

धमनी हा शब्द फुंकणे या अर्थाच्या ‘ध्मा’ धातूवरून आला आहे. भाता चालवणे या क्रियेशी त्याचे नाते आहे आणि चरकाने ‘ध्मानाद्धमन्यः’ अशी त्याची फोड केली आहे. ग्रीकांची समजूतही फार वेगळी नव्हती. मृत शरीरातील धमन्या बऱ्याच अंशी रिकाम्या आढळत असल्याने त्यांतून हवा वाहते असे कित्येक शतके मानले जात होते, आणि त्यांत रक्तच असते हे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनने प्रयोगाने दाखवले. रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात परतते हे विल्यम हार्वेने मांडले ते 1628 मध्ये. एऑर्टा हे नाव अॅरिस्टॉटलने या वाहिनीसाठी वापरले होते आणि ते उचलणे किंवा टांगणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडले जाते. सांगायचे ते एवढेच, की या तिन्ही नावांच्या व्युत्पत्तीतून व्याख्या काढायला गेल्यास चूक होणारच.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:

सर्वांचे आभार. लेखातील पुढच्या प्रकरणांत रोहिणीविस्फार (रोहिणीची भिंत फुगणे) आणि दोन्ही महानीला (शरीरातील रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या नीला) येणार असल्याने मी महारोहिणी हाच शब्द ठेवीत आहे. पहिल्या उल्लेखात मात्र ‘महारोहिणी, म्हणजेच महाधमनी’ असे एकदा लिहीन. ‘मुख्य धमनी’ हा शब्द काढून टाकला आहे, कारण हृद्‌रोहिणीच्या मुख्य शाखेबद्दलही तो वापरलेला मला आढळला.